कबऱ्या रंगाची जोड

प्रिय उत्तम,

रामराम. या आठ दिवसांत तुला तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा हळदीचं, उन्हाचं आणि ट्रॅक्टरच्या टायरचं बोलून ठेवून दिला. चौथ्यांदा लावला असता तरी तेच झालं असतं. तू एवढ्या मायेनं बोलतोस की माझी जीभ आपोआप दुसरीकडं वळते. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर जुन्या वहीची कोरी पानं फाडली आणि ओसरीवर लिहायला बसलो. चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी तुला साधी चिठ्ठीसुद्धा कधी पाठवली नाही. किसनला म्हातारपणी काय भरलं म्हणून हसशील तर हस, पण शेवटपर्यंत ऐकून घे.

मागच्या बाजाराला गोरेगावात रुख्मिणीवहिनी भेटल्या. मिरच्या निवडत होत्या. मी आपलं सहज विचारलं, नात कशी आहे, शाळा काय म्हणते. वहिनींनी हातातल्या मिरच्या तशाच ढिगात टाकल्या आणि बाजूला येऊन सांगितलं, “भाऊजी, ते कापूस कुत्रं टॅक्टरखाली गेलं तव्हापासून पोरगी हाकच मारना झाली. बोलते, जेवते, शाळेला जाते, पन हाक न्हाई. आजा वावरात असला तर जेवाया बलवाया तिथवर चालत जाते आन् म्होरं जाऊन नुसती हुभी ऱ्हाते. काहून गं, म्हनलं, तर म्हनते, माझ्या हाकेनं कोनी येत न्हाई.”

मग बाकीचंही त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी सकाळी शिला झोपलेल्या कापसाला उचलायला गेली आणि तो तिच्या मनगटाला चावला. तिनं रागानं त्याला काठीचे दोन फटके दिले. दुपारी तिचा बाप कुलदीप हळद शिजवायचा कुकर घेऊन आला आणि ट्रॅक्टर मागं घ्यायला लागला. कापूस चाकाजवळ झोपलेला. पोरीनं अंगणातून जीव तोडून हाका मारल्या, एक नाही, चार-पाच. कुलदीपला इंजिनाच्या आवाजात काही कळलं नाही आणि कापूस उठला नाही. नऊ वर्षांच्या डोक्यानं तिनं अर्थ लावला की मी मारलं म्हणून तो रुसला होता, ऐकू येत असून आला नाही. महिना झाला, ती हेच धरून बसली आहे. तू हे मला कळू दिलं नाहीस, उत्तम. का दिलं नाहीस तेही मला माहीत आहे, त्यावर पुढं येतो.

त्या दिवसापासून मला माझ्या घराची किळस येते. अन्न गोड लागत नाही म्हणतात तसं नाही, खरोखरची किळस.

तुला आमच्या हरीशचा कुत्र्यांचा धंदा ठाऊक आहे, पण आतून तू तो पाहिला नाहीस. मी कुणालाच पाहू देत नव्हतो. आमचा गोठा आठव. बैल गेले आणि त्या जागी हरीशनं जाळीचे खण करून घेतले. बाहेरून पांढरा चुना, वर इंग्रजीत पाटी, दारात दोन कुंड्या. आत शिरलास की पहिला वास फिनेलचा, त्याच्या खालून मुताचा, आणि त्याच्याही खालून ओल्या केसांचा. ही पूडल नावाची जात आणि तिच्याशी केलेले संकर. केस मेंढरासारखे कुरळे. ते गळत नाहीत म्हणून शहरातल्या लोकांना आवडतात, आणि गळत नाहीत म्हणूनच रोज विंचरावे लागतात. आमच्याकडं ते फक्त व्हिडिओच्या दिवशी विंचरले जायचे. एरवी काखेत आणि कानामागं गुंता होऊन त्याचा जाड थर बसायचा, त्याच्याखाली गोचीड. शेणामुतात माझा जन्म गेला, पण नाकाला रुमाल कधी लावावा लागला नाही. इथं लावतो. आणि त्याच गोठ्यासमोर आमचे चिरंजीव धुतलेला शर्ट घालून, पिल्लू खांद्यावर घेऊन, मोबाइलकडं बघून हसतात आणि सांगतात की हे आमच्या कुटुंबात लाडाकोडात वाढलंय. गिऱ्हाइकाला मात्र घरी येऊ द्यायचं नाही. त्याला नरसीच्या रस्त्यावर एका हॉटेलात बोलवायचं. नामदेवाच्या दर्शनाला आलेली माणसं भजी खात बसलेली असतात आणि शेजारच्या टेबलाखालून टोपली इकडची तिकडं होते.

गिऱ्हाइकं तरी काय विचारतात! पिल्लू खेळतं का, त्याची आई कशी आहे, याबद्दल एक शब्द नाही. निळा डोळा आहे का, विचारतात. डाग डाव्या बाजूला जास्त आहेत का, विचारतात. एका बाईनं तर सोफ्याचा फोटो पाठवला होता, याच्यावर उठून दिसेल असं द्या म्हणून. हरीशला रंगांची नावं तोंडपाठ. काळ्या अंगावर भुवया आणि पाय तांबूस असले की फँटम. केसांची टोकं काळी आणि मुळं फिकी असली की सेबल. पांढऱ्यावर मोठाले डाग, म्हणजे आपण उभ्या जन्मात ज्याला बांडा म्हणत आलो, तो पार्टी. आणि सगळ्यात मागणी कुणाला, तर मर्लला. राखाडी अंगावर काळे तुटके डाग, शाई सांडून अर्धवट पुसल्यासारखे. आपला कबरा. मी म्हणायचो, अरे, असलं वासरू आपल्याकडं निघालं असतं तर मालकानं त्याला बाजारात मागच्या रांगेत बांधलं असतं. तो म्हणायचा, “आबा, जमाना दुर्मीळ रंगाचा हाय. तुमाला न्हाई कळायचं.” आणि मला कळत नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे तुला माहीत आहे.

आता माझ्याकडं येतो. इतका वेळ पोराला शिव्या घालणं सोपं होतं.

हरीशची पहिली कुत्री कबरी, नाव रोझी. तिला सुरुवातीला एक साधा काळा नर दाखवला होता. सहा पिल्लं झाली, तीन कबरी, तीन काळी. कबरी आठवड्याभरात विकली गेली आणि काळ्यांना कुणी विचारेना. तेव्हा हरीश ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. कितीतरी दिवसांनी बसला. म्हणाला, “आबा, जोड लावावी तर तुमी. हिला बराबर जोडीदार बघून द्या, म्हंजे समदीच कबरी निघतील.” उत्तम, मी फुगलो. बैल गेल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पारावर माशा मारायच्या. एके काळी आपण दोघं बाजारात शिरलो की दावणीवरची माणसं उठून उभी राहायची. तू चाल बघायचास आणि मी अंग. तू तर डोळे मिटून, नुसत्या खुरांच्या आवाजावरून कुठला पाय दुखतो ते सांगायचास. मी शिंगांचा बाक, वशिंड, खुरांचा रंग, शेपटीचा गोंडा असं बघत बघत एकाला दुसरा असा लावून द्यायचो की मागून बघितलं तर मालकाचीही गफलत व्हावी. एकसारख्या जोडीला मान. विजोड बैल कितीही ताकदीचा असू दे, त्याला पोळ्याच्या मिरवणुकीत मागं ठेवायचे.

तीच नजर घेऊन मी हरीशबरोबर हैदराबादला गेलो. एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याखाली पिंजरे होते. अकरा नर मी नापास केले. हा जास्तच काळा, त्याचा कान पांढरा, तिसऱ्याची मान आखूड. विकणारा वैतागला. बाराव्याला बघितलं आणि मांडीवर थाप मारली. रोझीच्या अंगावरचे डाग उचलून ठेवावेत तसा. तिचा डावा डोळा निळा, याचाही डावाच. विकणारा काही बोलला नाही आणि मीही काही विचारलं नाही. घरी आणून दोघांना शेजारी उभं केलं, फोटो काढला, तुझ्या घरी कुलदीपच्या मोबाइलवर पाठवला. तू फोन करून म्हणालास, “किसन, जोड तर लय झकास लागली.” त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बैलांची जोड औताला जुंपायची असते. तिला पिल्लं व्हायची नसतात. इतकी साधी गोष्ट चाळीस वर्षं जोड लावणाऱ्या माणसाला सुचली नाही. गाईला वळू दाखवताना आपण कधी एकसारखा रंग शोधला का? वळू धडधाकट आहे ना, नात्यातला नाही ना, एवढं बघायचो. तेही मला येत होतं. पण मिरवायचं होतं म्हणून मी बैलबाजाराची अक्कल कुत्र्याच्या पिंजऱ्यात नेली.

वहिनी भेटल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हिंगोलीला गेलो. तिथं जनावरांच्या एक डॉक्टर आहेत, प्रियदर्शनी म्हणून, वयानं माझ्या लेकीसारख्या. त्यांना जोडीचा फोटो दाखवला. मी चाळीस वर्षं जोड्या दाखवत आलोय, लोक वाहवा करतात. त्यांनी कपाळाला हात लावला. मग कागद घेऊन मला समजावलं. प्रत्येक पिल्लाला रंगाचा एक दाणा आईकडून येतो आणि एक बापाकडून. कबऱ्याचा एकच दाणा आला तर अंग सुरेख कबरं होतं. दोन्हीकडून आला तर रंग जवळपास सगळा धुऊन निघतो, आणि नुसता अंगावरचा नाही. कानाच्या आत खोल, डोळ्यांत, जिथं जिथं त्या रंगाच्या पेशींचं काम असतं तिथलाही. मग कान असतात पण बहुतेकांना ऐकू येत नाही, डोळे बारके आणि खोल राहतात. विड्याला चुना बेतानं लागला तर ओठ रंगतात आणि दुप्पट लागला तर जीभ पोळते, तसं मी समजून घेतलं. कबऱ्याला कबरी दिली की चारांत एक पिल्लू असं निघायची भीती. अस्सल पूडल म्हणे एकरंगी असतो, हा कबरा रंग दुसऱ्या जातींशी संकर करून त्यात घातलेला. काहींच्या अंगात तो दडूनही बसतो, वरून साधे दिसतात, म्हणून तपासणी केल्याशिवाय जोडी लावायची नाही. कबऱ्याला नेहमी तपासलेला साधा जोडीदार. म्हणजे तो पहिला काळा नर निदान रंगानं तरी बरोबर होता, आणि तो बदलायचा उद्योग माझा. डॉक्टरबाई मला रागावल्या नाहीत. “आजोबा, तुम्हाला कुठून माहीत असणार,” म्हणाल्या. मला त्याचीच जास्त लाज वाटली, कारण पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

पुढचं असं. माझ्या त्या झकास जोडीला आठ पिल्लं झाली. चार कबरी, एक काळं आणि तीन पांढरीशुभ्र. पांढऱ्यातल्या एकाला डोळे नव्हतेच म्हटलं तरी चालेल. त्याला आईची आचळं सापडेनात. हरीशनं आठ दिवस त्याला मांडीवर घेऊन ड्रॉपरनं दूध पाजलं, आणि नवव्या दिवशी ते गेलं तेव्हा कुंपणाजवळ पुरून रडला. खोटं कशाला बोलू, त्या आठ दिवसांत तो मला माझा मुलगा वाटला. दहाव्या दिवशी त्यानं उरलेल्या दोघांना बर्फाच्या कुठल्याशा इंग्रजी नावानं फोटोत बसवलं.

ती पाच आठवड्यांची झाली तेव्हा मी त्यांच्या मागं उभा राहून स्टीलचं ताट फरशीवर टाकायच्या ऐवजी हवेत पळीनं बडवलं. वासराच्या कानाची परीक्षा आपण तशीच घ्यायचो. कबरी पिल्लं सैरावैरा पळाली. दोन्ही पांढरी एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपून राहिली. मी हरीशला सांगितलं. तो म्हणाला, “पांढरा रंग त आजूनच दुर्मीळ हाय, आबा. लोक तोंड बघून घेतात, कान कोन बघतं?” पुण्याच्या गिऱ्हाइकानं व्हिडिओ मागितला, पिल्लू हाकेला येतं का ते दाखवा म्हणून. बहिऱ्या जनावराला जमिनीचा थरथराट मात्र बरोबर कळतो. हरीशनं मोबाइल धरला, गोड आवाजात हाक मारली, आणि त्याच क्षणी बाजूला कुणीतरी फरशीवर जोरात पाय आपटला. पिल्लानं मान वळवली आणि दुडुदुडु आलं. पाय आपटणारा माणूस मी.

उत्तम, तुझ्यासमोर कितीतरी बैल मी खोड सांगून दिले. हा लाथ मारतो, हा दावं तोडतो, हा पाण्याला बिचकतो, आधी खोड आणि मग बोलणं. त्यापायी माझ्या हातून गिऱ्हाइकं गेली आणि तू माझ्यावर चिडायचास. तो माणूस सत्तरीला आला आणि पाय आपटायला शिकला. पोरानं दोन गोड शब्द बोलून विचारलं, एवढ्यावर. मला किळस येते ती नुसत्या गोठ्याची नाही, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

दुसऱ्या पांढऱ्याचा एक डोळा खोल होता, त्यामुळं ते कुणी घेईना. हरीश म्हणाला, कुठंतरी सोडून येऊ. मग पोळा आला. दरवर्षी तुझे बैल बघायला तांड्यावर येतो तसा आलो आणि पिशवीतून ते काढून शिलाच्या ओंजळीत ठेवलं. मनाला सांगितलं की तांड्यावर मोकळं राहील, भाकरतुकडा मिळेल, जगेल. आणखी एक कारण होतं. आमच्या दारात राहिलं असतं तर ते मला रोज दिसलं असतं. तू त्याला अंगणात चार पावलं चालवलंस आणि म्हणालास, “किसन, ह्याची चाल बिचकल्यावानी हाय. पाय लय उचलून टाकून राहिलं.” तुझी नजर अजून शाबूत. मी हसलो. शहरी जात आहे, मातीची सवय नाही, म्हणालो. वर शिलाला सांगितलं, डोळ्यांवरचे केस कापू नको हं, तीच याची शोभा. तो डोळा कुणाला दिसू नये म्हणून. ती मला सगळ्यात शहाणा माणूस समजते, तिनं मान डोलावली आणि त्याचं नाव कापूस ठेवलं.

आणि मग तू आलास. कापूस गेल्यावर चौथ्या दिवशी, भर उन्हात, जीपनं. ओसरीवर बस म्हटलं तर बसला नाहीस. हात जोडलेस आणि म्हणालास, “तुजं राजाचं जनावर आमाला सांभाळता आलं न्हाई, किसन. पोरीनं लक्ष दिलं न्हाई. माफ कर.” मी ती माफी घेतली. असू दे, लेकरू आहे, म्हणालो. तुला चहा पाजला. जाताना तू म्हणालास की माझं मन मोठं आहे. जीप वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो आणि मला अगदी सुटल्यासारखं वाटत होतं, तुझी शपथ. म्हणूनच तू मला शिलाचं सांगितलं नाहीस ना? किसनला उगाच वाईट वाटेल म्हणून. मी आजवर पुष्कळ हलकी माणसं बघितली, बाजारात उभं आयुष्य गेलं माझं, पण मित्राकडून असली माफी घेणारा दुसरा बघितला नाही.

मंगळवारी मी त्या नराला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं आणि डॉक्टरबाईंकडून खच्ची करून आणलं. रोझी माजावर येणार होती आणि हरीशनं हीच जोड पुन्हा लावायचं ठरवलं होतं, कारण पांढऱ्याला दोन फोन आले होते. अंगणात उभा राहून तो गावाला ऐकू जाईल असा ओरडला, “आबा, तुमी माजा धंदाच खच्ची केला!” मी म्हणालो, व्हय, केला. तेव्हापासून बोलत नाही. न बोलू दे. गोठा मी धुतो, अंगावरचे गुंते मी कातरतो. रोझीला कातरायला दोन दिवस लागले. तिच्या आचळांकडं मला बघवत नाही.

पुण्याच्या त्या माणसालाही फोन लावला. पिल्लू घरी नेल्यावर आठ दिवसांतच ते बहिरं असल्याचं त्याला कळलं होतं. दहा मिनिटं त्यानं मला धुतलं आणि मी ऐकून घेतलं. मग त्याचा राग उतरला आणि तो कुत्र्याबद्दल सांगायला लागला. हाताच्या खुणा शिकवल्यात म्हणाला, बस, ये, थांब, सगळं कळतं त्याला. झोपलेलं असलं की एकदम उचलायचं नाही, दचकून चावतं. आधी शेजारी जमिनीवर थाप मारायची, जागं होऊ द्यायचं. आणि गाड्या असतील तिथं मोकळं सोडायचं नाही. “एवढं सांभाळलं की काही त्रास नाही हो,” म्हणाला. दोन-तीन वाक्यांचं काम होतं, उत्तम. पोळ्याच्या दिवशी मला खरं बोलायला तोंड होतं, आणि खरं बोललो असतो तर त्या अंगणात तो आज खेळत असता.

आता हे पत्र का, ते. तुला वाचता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? बाजाराच्या पावत्या चाळीस वर्षं मीच तुला वाचून दाखवल्या. वहिनींनाही येत नाही. कुलदीप सकाळपासून हळदीत. तुझ्या घरी आलेला कागद सध्या एकच माणूस वाचून दाखवतं. फोनवर सांगितलं असतं तर तू दोस्तीखातर मला पाठीशी घातलं असतंस आणि तिला अर्धंच सांगितलं असतंस. म्हणून शिला, बाई, एवढी पानं मी तुझ्याकडून वाचून घेतली. आता पुढचं तुझं आहे, जरा मोठ्यानं वाच. कापूस रुसला नव्हता. त्याला तुझी हाक त्या दिवशी ऐकू आली नाही, आणि त्याच्या आधीही कधी एकदाही ऐकू आली नव्हती. तो जन्मापासून बहिरा होता. तुझ्याकडं पळत यायचा तो तुला बघून यायचा, तुझी पावलं जमिनीतून ओळखून यायचा. चावला तो झोपेत दचकून, आणि फटके तो कधीच विसरला होता. तू हाक मारलीस ती वेळेवर मारलीस आणि पुरेशी मोठी मारलीस. तुझी चूक नाही, तुझ्या बाबांचीही नाही. चूक मी केली, आणि ती कळूनही तुझ्यावर राहू दिली. सोमवारी दुपारच्या जीपनं मी पुसेगावला उतरेन आणि तांड्याच्या वाटेवरच्या चिंचेखाली येऊन उभा राहीन, त्याच्या पुढं येणार नाही. आजोबांचा राग आजोबांपाशी राहू दे, तो त्यांचा हक्क आहे. पण या माणसाला अंगणात येऊ द्यावं असं तुला वाटलं, तर दारातून मला हाक मार. वाटलं नाही तर मारू नको, मी संध्याकाळच्या जीपनं परत जाईन आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येऊन उभा राहीन. चिंच लांब आहे, पण तू हाक मार. मला ऐकू येतं.

तुझाच,
किसनआजोबा